बेअदबी

हल्ली आपण ‘न्यायालयाचा अवमान’ म्हणतो. जुन्या बातम्यांत मात्र ‘कोर्टाची बेअदबी’ असे. मला तो जुना शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण या प्रकरणातली सगळी मेख त्यातच दिसते. अरबीतून फारसीवाटे आलेला ‘अदब’ म्हणजे रीतभात, मोठ्यांचा राखायचा मान. दरबारातला हा शब्द कचेरीत आला. कोर्टात आरडाओरड करणारा आणि कोर्टाचा हुकूम फायलीखाली दाबून बसणारा, दोघेही बेअदब ठरले. पण पहिल्याने मान दुखावला, तर दुसऱ्याने कुणाचा तरी हक्क अडवला. मान दुखावला तर हात जोडून भागतं. हक्काचं काय?

हुकूम मोडणाऱ्या बड्या माणसाचा एक जुना किस्सा आपल्याकडचाच आहे. १८२८ साली पुण्याच्या मोरो रघुनाथ नावाच्या अल्पवयीन मुलाला हजर करा, असा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने काढला. हे कोर्ट ईस्ट इंडिया कंपनीचं नव्हे, इंग्लंडच्या राजाच्या सनदेचं. मुलगा पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्या ताब्यात होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हुकूम पुण्यात बजावू दिलाच नाही. वेस्ट आणि चेंबर्स हे न्यायाधीश त्याच साली वारले; उरले एकटे ग्रँट. त्यांनी काय करावं? १८२९च्या एप्रिलमध्ये कोर्टच बंद केलं! गव्हर्नरवर रुसून कोर्टाला कुलूप घालणारा दुसरा न्यायाधीश मला तरी आठवत नाही.

लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल सरकारच्या बाजूने दिला: कोर्टाचा हा अधिकार पुण्यातल्या देशी रहिवाशांपर्यंत पोचत नाही. कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या लॉर्ड एलेनबरोंनी माल्कमना पत्र लिहिलं, की दोन नवे न्यायाधीश धाडतोय, दोन माणसाळलेल्या हत्तींमधला रानटी हत्ती होईल ग्रँटचा. ते पत्र फुटलं आणि छापून आलं.

स्वतंत्र भारतात १९७१चा अवमानाचा कायदा आला. त्याने दिवाणी आणि फौजदारी अवमान वेगळे केले, म्हणजे हुकूम मोडणं आणि मान दुखावणं निराळं झालं. पण माफीची वाट कलम १२ने दोघांनाही ठेवली: कोर्टाचं समाधान झालं तर शिक्षा माफ. म्हणून सरकारी सचिवाच्या प्रतिज्ञापत्रात ‘बिनशर्त माफी’ हे शब्द ठरलेले. हुकूम महिनोन्महिने पडून असतो. माफी मात्र तारखेच्या आदल्या दिवशी तयार.

तरी कधीकधी ही वाट बंद होते. अयोध्येतल्या बांधकामावरून उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याणसिंग यांना १९९४ साली एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड झाला. निदान तुरुंगाचं दार उघडलं. २००६ साली मात्र महाराष्ट्राने खरा दणका पाहिला. लाकूड गिरण्यांवरचे निर्बंध डावलून काही कारखान्यांना परवानगी दिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने माजी वनमंत्री सुरूपसिंग नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एक महिन्याची साधी कैद दिली. माफी दोघांनीही मागितली होती. कोर्टाने ती नाकारली. नाईक तेव्हा परिवहन खातं सांभाळत होते, मंत्रिपद गेलं.

या कायद्यात कैदेची कमाल मुदत सहा महिने. दंडाची कमाल १९७१मध्ये दोन हजार रुपये होती, ती अजून तेवढीच आहे.