दुहेरी बूट

दुहेरी बूट किंवा ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन संचालन प्रणाली स्वतंत्रपणे स्थापित करून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करण्याची व्यवस्था होय. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स यांची जोडी विशेष प्रचलित आहे. एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरीकडे जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. चालू प्रणालीला यंत्राची संपूर्ण क्षमता मिळते, हा या व्यवस्थेचा मुख्य लाभ होय. मात्र बहुधा एकाच डिस्कची दोन प्रणालींत वाटणी करावी लागत असल्याने, ती करताना साठवलेली माहिती कायमची नष्ट होण्याचा धोका असतो.

कार्यपद्धती

संगणक सुरू होताच प्रथम फर्मवेअर कार्यरत होते व ते बूटलोडर या लहान आज्ञावलीकडे नियंत्रण सोपवते. बूटलोडर संचालन प्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरात एकाच बूटलोडरच्या आरंभीच्या भागाला जागा असे. त्यामुळे नंतर स्थापित झालेली प्रणाली आधीचा बूटलोडर पुसून टाकी. नव्या यूईएफआय पद्धतीत फॅट३२ स्वरूपाच्या एका छोट्या विभागात प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर वेगळ्या फोल्डरात राहतो. लिनक्सचा ग्रब हा बूटलोडर सामान्यतः विंडोजलाही आपल्या यादीत स्थान देतो. म्हणूनच आधी विंडोज व नंतर लिनक्स असा स्थापनेचा क्रम रूढ झाला.

इतिहास

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केल्यानंतर अनेकांनी डॉस किंवा विंडोज कायम ठेवून ते वापरून पाहिले. त्या काळी लिलो हा बूटलोडर प्रचलित होता. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये ग्रबची निर्मिती सुरू केली. ॲपलने २००६ मध्ये इंटेल प्रक्रियकाच्या मॅकवर विंडोज चालवण्यासाठी बूट कॅम्प उपलब्ध केले. २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ती सोय नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधारकाळ संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचा पर्याय त्यामुळे अधिक विचारात घेतला जाऊ लागला.

पूर्वतयारी

सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत बाह्य डिस्कवर घेणे ही पहिली पायरी होय. त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रत पुरेशी नसते, कारण धोका संपूर्ण डिस्कला असतो. अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा तत्सम कूटबद्धीकरण आधीपासून चालू असते. बूटविषयक मांडणी बदलल्यास ते ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागू शकते. ती हाताशी नसल्यास फायली जागच्या जागी असूनही उघडता येत नाहीत. म्हणून ती आधीच कागदावर उतरवून घेणे आवश्यक आहे. विंडोजमधील फास्ट स्टार्टअपही बंद करावे लागते. ते चालू असल्यास विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि तिच्या विभागात लिनक्समधून लेखन केल्यास फायली बिघडू शकतात.

स्थापना

विंडोजचा विभाग विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटद्वारेच आकुंचित करणे सुरक्षित मानले जाते. उबुंटूसाठी किमान २५ गिगाबाइट मोकळी जागा सुचवली जाते. त्यानंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, वायफाय, ध्वनी व टचपॅड यांची चाचणी स्थापनेपूर्वीच घेता येते. स्थापनेच्या वेळी विंडोजसोबत स्थापना करण्याचा आणि संपूर्ण डिस्क पुसण्याचा असे दोन्ही पर्याय समोर येतात. दुसरा निवडल्यास विंडोज व तिच्यातील सर्व माहिती नाहीशी होते.

सामान्य अडचणी

विंडोज यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. परिणामी भारतात लिनक्सनंतर विंडोज सुरू केल्यास घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. दोघींपैकी एका प्रणालीची मांडणी बदलून हा दोष दूर होतो. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अद्यतनामुळे सिक्युअर बूट चालू असलेल्या काही संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते. लिनक्स काढून टाकताना तिचा विभाग थेट पुसल्यास ग्रब अर्धवट उरतो व संगणक अडून बसतो. त्यामुळे आधी फर्मवेअरमध्ये विंडोजला प्रथम क्रम देतात.

मराठीतील वापर

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत अक्षरित केलेला मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असतो. असे दस्तऐवज आणि त्यांसाठीची विंडोजवरील सॉफ्टवेअरे जपून ठेवत लिनक्सकडे वळणाऱ्यांना दुहेरी बूट उपयोगी पडते. युनिकोड मजकूर मात्र दोन्ही प्रणालींत वाचता येतो आणि इनस्क्रिप्ट कळफलकही दोन्हींत उपलब्ध आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय भाषांना आधार देणारी प्रणाली विकसित केली आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सविषयक पाठ मराठीतही आहेत.

पर्याय

केवळ ओळख करून घ्यायची असल्यास व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी यंत्रात दुसरी प्रणाली चालवता येते. तीत डिस्कची वाटणी करावी लागत नाही, परंतु दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालत असल्याने वेग घटतो. लॅपटॉपमध्ये जागा असल्यास दुसरी स्वतंत्र डिस्क बसवणे हा तुलनेने अधिक सुरक्षित मार्ग होय.