रंगीत काडेपेटीतला बंगाल

दिवाळीच्या फटाक्यांच्या यादीत रंगीत काडेपेटी सगळ्यात शेवटी. छाप जमवणारेसुद्धा घोडा, जहाज, देवदेवता शोधतात. हिच्याकडे कुणी वळत नाही. मी मात्र हिच्याच पेट्या जमवतो, कारण हिच्या कुळात बंगाल दोनदा येतो.

काडी नीट पाहा. निम्म्या अंगावर मसाल्याचा जाड थर आणि टोकाला वेगळ्या रंगाचा छोटा गुल. गुल पेटीवर घासला की तो पेटतो आणि मसाल्याला आग देतो. लाल ज्योत स्ट्रॉन्शियमची, हिरवी बेरियमची.

जर्मन लोक अशा काडीला ‘बंगाली काडी’ म्हणतात. हा बंगाल तिथे पोचला कसा? एक मत असं, की बंगालात इशाऱ्यासाठी अशा रंगीत ज्योतीचे दिवे लावायचे, ते गोऱ्यांनी पाहिले आणि नाव उचललं. मला ते पटत नाही. काडीला ज्या दिव्यावरून नाव मिळालं, तो जुना ‘बंगाल लाइट’ रंगीत नव्हताच. सोरा, गंधक आणि अँटिमनी सल्फाइड यांचा तो निळसर पांढरा, डोळे दिपवणारा जाळ. जहाजांवर इशाऱ्याला वापरत. त्यात मुख्य माल सोरा, आणि युरोपला उत्तम सोरा मिळे तो पाटण्याच्या बाजूचा, म्हणजे तेव्हाच्या बंगाल इलाख्यातला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तो भरभरून नेत. नाव मालावरून पडलं, असं माझं ठाम मत आहे. लाल-हिरवे रंग नंतरचे, पोटॅशियम क्लोरेट हाती आल्यावरचे.

दुसरा बंगाल आपल्या इकडचा. १९२२ साली सरकारने परदेशी आगपेट्यांवरची जकात ग्रोसमागे (बारा डझन पेट्यांमागे) बारा आण्यांवरून दीड रुपयावर नेली. बाहेरचा माल महागला, तेव्हा एका स्वीडिश आगपेटी कंपनीने इथेच विमको ही कंपनी काढली, तिचा एक कारखाना आपल्या अंबरनाथला आला. त्याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर कलकत्त्याला जाऊन आगपेटीचं काम शिकून आले.

शिवकाशीत दारूकाम रुजलं ते कोरड्या हवेमुळे, असं सगळे सांगतात. कोरड्या हवेत गुल लवकर वाळतो, हे खरंच. पण कोरडी गावं त्या भागात कितीतरी. फटाके याच गावात का? माझ्या मते दुवा रंगीत काडीचा. तिला काड्या चौकटीत लावून मसाल्यात बुडवण्याचं आगपेटीचं कसब लागतं, आणि मसाला मात्र दारूकामाचा. ज्या हातांना काडी बुडवता येत होती, त्यांना तार बुडवून फुलबाजी करायला कितीसा वेळ? शिवकाशीची स्टँडर्ड फायरवर्क्स निघाली १९४२ साली, म्हणजे आगपेटीनंतर वीसेक वर्षांनी. हा क्रम माझ्या बाजूने बोलतो.

जमवायच्या असतील तर भाऊबीज झाल्यावर निघावं, दुकानदार उरलेला माल आवरत असतात तेव्हा. काड्या वापरून टाकाव्यात, भरलेली पेटी कपाटात ठेवू नये. छाप सुटा करू नये. घासायची पट्टी शाबूत असलेली अख्खी रिकामी पेटीच ठेवावी.