ज्यांचा धनी एक नाही

कामगार संघटनेचा इतिहास सांगायचा म्हटला की गिरणीच्या भोंग्यापासून प्रारंभ करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा उभी केली, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले, आणि 1890 च्या जूनमध्ये कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली. या घटनेचे मोल मोठे आहे आणि ते कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मराठवाड्याच्या मातीत उभे राहून हा विषय मांडू लागलो की ही सुरुवात अपुरी वाटते. नांदेडला उस्मानशाही गिरणी होती हे खरे. पण नांदेड आणि लातूर या दोन्ही भागांत गिरणीच्या फाटकाआत काम करणारे हात थोडे, आणि फाटकाबाहेर ओझे उचलणारे, माल तोलणारे, धान्य चाळणारे, खडी फोडणारे, ऊस तोडणारे हात अगणित. या माणसांची संघटना करायची तर पहिलाच प्रश्न आडवा येतो. गिरणी कामगाराला आपला मालक ठाऊक असतो. त्याचे नाव फाटकावर लिहिलेले असते. हमालाचा मालक कोण? आज आम्हाला या एकाच प्रश्नाचा माग काढायचा आहे.

हमाल हा बाजाराबरोबर आला आणि इकडचा मोठा बाजार आगगाडीबरोबर वाढला. मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून नांदेडवरून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग 1900 साली पुरा झाला. बार्शी लाइट रेल्वेची लहानशी गाडी 1911 साली लातूरला पोचली. दोन्ही मार्ग अरुंद होते, एक मीटर रुंदीचा आणि दुसरा त्याहूनही लहान, अडीच फुटांचा. त्यामुळे लातूरचा माल कुर्डुवाडीला आणि नांदेडचा मनमाडला पोचला की मुंबईच्या रुंद मार्गावर चढवण्यासाठी तो एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. शेतातून गाडीत, गाडीतून आडतीत, आडतीतून स्थानकावर, आणि तेथून पुन्हा डब्यातून डब्यात, असा प्रत्येक पोत्याचा प्रवास माणसाच्या पाठीवरून होई. पुढे हे मार्ग रुंद झाले, मालमोटारी आल्या, पण पोते उचलणारी पाठ तीच राहिली.

लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात. गावाची रचनाच व्यापाराला धरून झालेली आहे. पूर्वी कापूस, भुईमूग, ज्वारी, आता तूर आणि सोयाबीन, असा माल बदलत गेला. व्यवहाराची रीत मात्र फारशी बदलली नाही. शेतकरी आपला माल आडत्याच्या दारात आणतो. हमाल तो उतरवतो, मापाडी तोलतो, बाया चाळणी मारतात आणि सांडलेले धान्य झाडून गोळा करतात, खरेदीदार सौदा करतो, आणि पुन्हा हमाल पोती शिवून थप्पी लावतो. माल उतरवण्याची हमाली शेतकऱ्याच्या पट्टीतून वळती होते. सौद्यानंतरच्या कामाचे पैसे खरेदीदाराच्या खात्यावर पडतात. ते हातात ठेवतो आडत्या. आणि बाजारात काम करण्याचा परवाना देते बाजार समिती. आता या चौघांपैकी धनी कोणाला म्हणायचे? हमालाचा पाय पोत्याखाली सापडला, कंबर धरली, म्हातारपण आले, म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी. शेतकरी म्हणे, मी तर एका दिवसाचा गिऱ्हाईक. व्यापारी म्हणे, हा माझ्या हजेरीपटावर नाही. सकाळपासून चार दुकानांचे काम केलेला माणूस संध्याकाळी कोणाचाच नसे.

अशा स्थितीत त्याला एकच आधार होता, तो म्हणजे टोळी. दहा-पंधरा जणांनी मिळून काम घ्यायचे आणि नगामागे मिळालेली मजुरी वाटून घ्यायची. ही टोळी बहुधा गावाची, नात्याची, पुष्कळदा जातीची. आमच्या मते संघटनेचे बीज या टोळीतच होते, आणि संघटनेची अडचणही तिच्यातच होती. टोळी आपल्या माणसाला सांभाळते, पण परक्याला शिरू देत नाही. आणि दोन टोळ्यांत चढाओढ लावून दर पाडणे व्यापाऱ्याला सोपे जाते.

मराठवाड्यात ही गाठ सुटायला उशीर का लागला, याची कारणे इतिहासात आहेत. हा भाग 1948 च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. खेड्यात वेठबिगार चालत होती. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणाऱ्या भागेला पद्धतीवर हैदराबाद सरकारला 1936 साली निर्बंधाचा कायदा करावा लागला, यावरून तिची व्याप्ती ध्यानात येईल. शेतमालाच्या बाजारांसाठी 1930 साली त्याच संस्थानाने कायदा केला, म्हणजे तागडीची दखल सरकारने घेतली होती; तागडीत माल टाकणाऱ्या माणसाची दखल घेण्याची वेळ अद्याप यायची होती. पुढे 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात.

त्याच सुमारास पुण्यात आणि मुंबईत या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला जात होता. पुण्याच्या बाजारात डॉ. बाबा आढाव यांनी 1955 च्या सुमारास हमाल पंचायत उभी केली. ‘युनियन’ हा शब्द सोडून त्यांनी ‘पंचायत’ हा शब्द घेतला, आणि आम्हाला तो अर्थपूर्ण वाटतो. खेड्यातून आलेल्या माणसाला पंचायत ठाऊक होती. फरक एवढाच की या पंचायतीत बसायला जात विचारली जात नव्हती. 1974 साली याच पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचे केंद्र काढले. हमालीचा दर वाढवून घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच मिळालेल्या पैशात पोटभर अन्न मिळणे महत्त्वाचे, हा त्यामागचा विचार. राज्यभरच्या बाजारांतील हमाल-मापाड्यांना जोडणारे महामंडळही पुढे याच खटपटीतून उभे राहिले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी गोदी आणि घाऊक बाजारांतील माथाडींना एकत्र आणून 1964 साली त्यांची युनियन स्थापन केली. माथ्यावर भार वाहतो तो माथाडी. त्यातले बहुतेक साताऱ्याकडचे, डोंगरी भागातून पोटासाठी आलेले.

या साऱ्या चळवळींचे फळ म्हणजे महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा. त्याची कल्पना थोडक्यात समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तीत आहे. गोदी कामगारांसाठी 1948 साली केंद्राने केलेल्या कायद्याचा धडा येथे पुढे होता. गोदीतही बोटी रोज बदलत आणि मजूर तेच राहत. म्हणून या कायद्याने मालक शोधण्याच्या भानगडीत न पडता मधे एक मंडळ उभे केले. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने, आणि त्यांच्या जोडीला सरकारचे. व्यापाऱ्याने मंडळाकडे नाव नोंदवायचे, हमालानेही नोंदवायचे. मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्या प्रमाणात वर ‘लेव्ही’ भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, पगारी रजा, औषधपाणी यांची सोय करायची. हमालाने एका दिवसात चार दुकानांत काम केले तरी त्याचा हिशेब एका वहीत जमा होऊ लागला. एकच धनी नसला तरी अनेकांची जबाबदारी एकत्र करता येते, असा तोडगा या कायद्याने काढला.

ही गोष्ट किती वेगळी होती हे बाहेर पाहिले म्हणजे कळते. 1972 साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी गोरगरीब कष्टकरी बायांची ‘सेवा’ ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा अधिकाऱ्यांची हरकत हीच होती की या बायांना मालक नाही, मग त्या भांडणार कोणाशी? संघटना मालकाविरुद्ध भांडण्यासाठी नसून कष्टकऱ्यांच्या एकीसाठी असते, हे पटवून दिल्यावर नोंदणी झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनिया देशाविषयीच्या अहवालाने ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्द जगभर रूढ केला. म्हणजे जगातील पंडितांनी या कष्टकऱ्यांना नाव देण्याच्या तीन वर्षे आधी महाराष्ट्राने त्यांच्यासाठी कायदा लिहिला होता.

परंतु कायदा मुंबईत लिहिला जातो आणि पोते नांदेडला उचलले जाते. मंडळाकडे नाव नोंदवायला कोणीतरी हमालाला नेले पाहिजे. व्यापाऱ्याने टाळाटाळ केली तर काम थांबवण्याची एकी पाहिजे. आणि काम थांबले त्या दिवशी घरी चूल पेटेल एवढी बेगमीही पाहिजे. जेथे संघटना बळकट तेथे कायदा चालला आणि जेथे ती दुबळी तेथे तो कागदावर राहिला, असाच या कायद्याचा राज्यभरचा अनुभव आहे. बाजार समितीच्या 18 संचालकांत हमाल-मापाड्यांचा प्रतिनिधी एकच असतो. तो एकटा काय करील, असे कोणी विचारील. पण ज्याचे नाव पूर्वी कोणत्याही वहीत नव्हते, तो आता दर ठरवणाऱ्या बैठकीत खुर्चीवर बसतो, हे थोडे नव्हे.

येथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. हमालीचा दर वाढला की शेतकरी कुरकुरतो, कारण त्याच्या पट्टीतला आकडा वाढतो. आणि हमाल हा पुष्कळदा त्याच शेतकऱ्याचा भाऊबंद असतो. एक-दोन कोरड वर्षांनी त्याला शेतातून बाजारात आणलेले असते. दोन गरिबांच्या भांडणात तिसरा नामानिराळा राहतो. म्हणून संघटनेने दराबरोबर वजनाचाही प्रश्न घेतला, हे आम्हाला शहाणपणाचे वाटते. शंभर किलोचे पोते पन्नास किलोचे व्हावे, ही हमालांची जुनी मागणी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 सालीच प्रौढ पुरुषाने हाताने उचलण्याच्या ओझ्याला 55 किलोची मर्यादा सुचवली होती. या मागणीत शेतकऱ्याची कोणतीच हानी नव्हती आणि हमालाची कंबर मात्र वाचत होती.

मालक स्पष्ट असला म्हणजे काय घडते, याचे उदाहरणही याच भूमीने पाहिले. 1972-73 च्या दुष्काळात राज्यभर सुमारे 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती. मराठवाड्यातील रस्त्यांवर आणि तलावांवर खडी फोडणाऱ्या शेतमजुराला प्रथमच आपला मालक दिसत होता, आणि तो मालक सरकार होता. म्हणूनच त्याला मागता आले, मोर्चा नेता आला. आणि त्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला.

याच्या उलट टोक पाहायचे तर दसरा-दिवाळीनंतर बालाघाटच्या गावांतून निघणाऱ्या ऊसतोड कामगारांकडे पाहावे. नांदेडच्या कंधार-मुखेडकडून, लातूरच्या अहमदपूर-जळकोटकडून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. कारखाना म्हणतो, हे मुकादमाचे लोक. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचा हस्तक. म्हणजे लातूरच्या आडतीतला जुनाच प्रश्न येथे उसाच्या फडात उभा आहे. हंगामाच्या तोंडी कोयता बंद ठेवून या कामगारांनी वेळोवेळी टनामागचा दर वाढवून घेतला. 2019 साली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने त्यांच्यासाठी कल्याण महामंडळ काढण्याचा निर्णय झाला, आणि गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांकडून वर्गणी घेण्याचे ठरले. ही वर्गणी म्हणजे माथाडीच्या लेव्हीची धाकटी बहीणच. तत्त्व तेच, पण माथाडी मंडळ मजुरीचा हिशेब ठेवते तसा हिशेब फडात अजून कोणी ठेवीत नाही.

शिवाय या व्यवहारात एक हिशेब जन्मतःच चुकलेला आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. उचल नवऱ्याच्या हाती, अंगठा नवऱ्याचा. पहाटे उठून मोळी बांधणारी आणि ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बाई कोणत्या वहीत आहे? बाजारात चाळणी मारणाऱ्या बाईचीही अशीच गत पुष्कळ काळ होती. धनी कोण हे विचारताना, कामगार कोण हे विचारायला संघटनासुद्धा विसरल्या, हा दोष त्यांच्या पदरी घातलाच पाहिजे.

1969 च्या कायद्यात फेरबदल करण्याचे विधेयक 2023 साली विधिमंडळात आले, तेव्हा राज्यभरचे माथाडी आणि हमाल त्याच्याविरुद्ध उभे राहिले. कायद्याच्या आडोशाने काही ठिकाणी दांडगाई करून पैसे उकळले जातात, ही व्यापाऱ्यांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही, आणि तिचा बंदोबस्त झाला पाहिजे. पण चोर शिरतो म्हणून कोणी घराची भिंत पाडीत नाही. मंडळाची वही बंद झाली तर चार दुकाने पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवतील, आणि संध्याकाळी तो माणूस पुन्हा कोणाचाच राहणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आडतीची पट्टी येते. तिच्यावर हमाली नावाची एक लहानशी ओळ असते आणि आपण ती रागाने वाचतो. या वर्षी ती जरा थांबून वाचावी, आणि आडत्याला एवढेच विचारावे, की ही रक्कम ज्याच्या नावाची, त्याचे नाव मंडळाच्या वहीत आहे काय?