घोडनेर ते कोकण : जुन्नर-आंबेगावच्या पाऊलवाटा

अवसरी बुद्रुक हे आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या सपाटीवरचे, मंचरजवळचे गाव. इथून पश्चिमेला घोडेगाव आणि डिंभे ओलांडले की जमीन चढू लागते आणि सह्याद्रीच्या धारेवर एकदम संपते. धारेखाली मुरबाड आणि कर्जतचे कोकण. कुकडी, मीना, घोड आणि भीमा या नद्या याच धारेवर उगम पावून पूर्वेला वाहतात. त्यांच्या खोऱ्यांची जुनी नावे कुकडनेर, मिन्नेर, घोडनेर, भीमनेर. या मुलखातल्या जुन्या वाटा नदीच्या काठाने वर जातात आणि धारेवरच्या एखाद्या खिंडीतून किंवा नाळेतून खाली उतरतात. आज ट्रेकर ज्या घाटवाटांनी हौसेने चढतात, त्या माल वाहणाऱ्या बैलांसाठी आणि माणसांसाठी पडल्या होत्या.

यांतली सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी वाट नाणेघाटाची. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल जुन्नरमार्गे पैठणकडे नेण्याचा हा सरळ रस्ता. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यापासून चढ सुरू होतो. माथ्यावर कातळ फोडून केलेली अरुंद खिंड आहे आणि तिच्या तोंडाशीच सातवाहनांचे लेणे. लेण्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा प्राकृत भाषेतला, ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. त्यात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची यादी आहे. दानाचे आकडे अंकांतच कोरले असल्याने भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला फार महत्त्व आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, राणी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि राजा सातकर्णी अशी नावे वर कोरलेली अजून वाचता येतात, पुतळे मात्र नष्ट झाले आहेत. राजघराण्याने आपल्या प्रतिमा व्यापाऱ्यांच्या वाटेवर, डोंगराच्या माथ्यावर उभ्या कराव्यात, यावरून या घाटाचे मोल कळते. खिंड ओलांडताच दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते.

घाटावर पहारा ठेवायला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले होते. वाटेवरचा पैसा धर्मकार्यातही उतरला. जुन्नरभोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. दान देणाऱ्यांमध्ये स्थानिक कारागिरांच्या श्रेणी आहेत आणि स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. समुद्रापलीकडून आलेली माणसे या पायवाटांनी जुन्नरला पोहोचत असावीत, असे त्यावरून दिसते.

हजार-दीड हजार वर्षांनंतरही चित्र फारसे बदलले नव्हते. 1470च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला आणि पालीमार्गे, मजल-दरमजल करत जुन्नरला आला. विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. पावसाळ्याने त्याला जुन्नरमध्येच अडकवले. सगळीकडे पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. डोंगरावरच्या गडाची वाट इतकी अरुंद, की दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत, हेही त्याने नोंदवले. त्यानंतर काही वर्षांतच, 1490मध्ये, मलिक अहमदने निजामशाही स्थापन केली, तेव्हा तिची पहिली राजधानी जुन्नरच होती.

या वाटांना पहिला मोठा धक्का इंग्रजी अमदानीत बसला. 1830मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. 1863मध्ये त्याच घाटातून रेल्वे चालू लागली. बैलाच्या पाठीवरून जाणारी गोणी गाडीत आणि मग डब्यात गेली. लमाणांचे तांडे कमी झाले. पुढे माळशेज घाटातून कल्याणकडे मोटाररस्ता झाल्यावर नाणेघाटाचे व्यापारी काम संपल्यातच जमा झाले.

तरी वाटा मिटल्या नाहीत. याचे श्रेय घाटमाथ्यावरच्या माणसांचे आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत ते फार क्वचित दिले जाते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भातखाचरे आणि हिरडा यांवर त्यांचा संसार चालतो. कच्चे फळ झोडून वाळवले की त्याचा बाळहिरडा होतो. औषधांसाठी आणि कातडे कमावण्यासाठी हिरड्याला मागणी असते. उन्हाळ्यात डोक्यावर गोणी घेऊन बाया-माणसे रानातून वाडीपर्यंत येत राहिली, बाजारासाठी आणि सोयरिकीसाठी कोकणात उतरत राहिली. आहुप्याच्या घाटाने खोपिवलीकडे उतरता येते, आंबे-हातवीजजवळच्या दाऱ्या घाटाने पळू-सोनावळ्याकडे. या वाटांवर अवघड जागी कातळात पावठ्या खोदलेल्या दिसतात. त्या घडवणाऱ्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत.

भीमाशंकरच्या वाटा यात्रेकरूंनी जिवंत ठेवल्या. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या या स्थानाला कोकणातून येणारे भाविक कर्जत तालुक्यातल्या खांडसहून चढतात. तिथून दोन वाटा फुटतात. गणेश घाट लांबचा, पण सोपा. वाटेवरच्या गणपतीच्या देवळावरून त्याला हे नाव पडले. शिडी घाट जवळचा आणि खडा. त्यातल्या कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि पावसात तिथे पाय घसरण्याचा धोका मोठा असतो. दोन्ही वाटा पदरगडाच्या परिसरातल्या सपाटीवर एकत्र येतात आणि शेवटचा चढ चढून देवस्थानाला पोहोचतात. मंदिराजवळ टांगलेली मोठी घंटा वसईच्या 1739च्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी दिलेली आहे, असे सांगतात. देशावरचे लोक मंचर, घोडेगाव, तळेघर या वाटेने येत. आता तो डांबरी रस्ता आहे आणि अवसरी परिसरातले लोकही त्याच रस्त्याने भीमाशंकरला जातात.

डिंभे धरणाने घोडनेरची जुनी वाट मध्येच तोडली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गावच जलाशयात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. नदीकाठची पायवाट पाण्याखाली गेल्याने आहुप्याकडचा रस्ता जलाशयाच्या कडेकडेने डोंगरातून वळसे घेत जातो. 1985मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. शेकरूचे घर राखले गेले, त्याबरोबर रानातल्या वावरावर वनखात्याचे नियम आले.

मागच्या काही दशकांत मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण मंडळांनी या घाटवाटा पुन्हा चालत्या केल्या. तुलनेसाठी पाहायचे तर, फ्रान्समध्ये अशा ग्रामीण वाटांची व्यवस्था वेगळी आहे. तिथे 1947पासून लांब पल्ल्याच्या पायवाटांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणा करतात आणि 1983च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याने आपल्या पायवाटांची नोंद ठेवायची असते. सह्याद्रीत दगडावर रंगवलेला एखादा बाण, रचलेल्या दगडांची खूण किंवा झाडाला बांधलेली चिंधी एवढाच आधार, आणि तो पावसाळ्यानंतर टिकेल याची खात्री नसते. नाणेघाटाला पुरातत्त्व वारसा म्हणून संरक्षण आहे. दाऱ्या घाटाची किंवा आहुप्याची वाट मात्र गवत वाढले की हरवते आणि दिवाळीनंतर वाडीतल्या माणसांची ये-जा सुरू झाली की पुन्हा पडते. रस्ता झालेल्या वाड्यांत तरुण मंडळी मोटारसायकलने जातात. तिथल्या वाटा आता वर्षातून थोडेच दिवस चालत्या राहतात आणि त्यांची बिनचूक माहिती वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडेच मिळते.