साडेतीनशे गाड्या आणि पाच लाख गाड्या

स्पोर्ट्स कार आणि ग्रँड टूरिंग कूपे यांत फरक काय, असं कुणी विचारलं की मी जपानच्या दोन गाड्या पुढे ठेवतो.

पहिली टोयोटा २०००जीटी. वेगात, पण न थकता लांबचा पल्ला गाठायचा, ही तिची जात. १९६५ च्या टोकियो मोटार शोमध्ये ती दिसली. १९६७ ते १९७० या काळात जेमतेम साडेतीनशे बनल्या. इंजिनाच्या कामात यामाहाचा हात, आणि डॅशबोर्डचं लाकूडही यामाहाचंच. पियानो बनवणारी माणसं ती! शॉन कॉनरी तिच्यात मावेना, म्हणून १९६७ च्या बाँडपटासाठी चक्क छत काढलं. पण अमेरिकेत ती जग्वार ई-टाइपपेक्षा महाग. घेणार कोण?

दुसरी १९६९ ची डॅटसन २४०झेड. सहा सिलिंडर, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि अमेरिकेत किंमत ३,५२६ डॉलर. तिथले निसानचे प्रमुख युताका काटायामा यांना पगारदार माणसाला परवडेल अशी स्पोर्ट्स कार हवी होती. जपानमध्ये तिचं नाव 'फेअरलेडी'. हे नाव अमेरिकेत चालणार नाही, म्हणून काटायामांनी ती अक्षरं काढायला लावली आणि '२४०झेड' बसवलं.

२०१३ मध्ये एक २०००जीटी लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली. देखणी आहेच ती. पण जपानी गाडीकडे बघायची जगाची नजर, माझ्या मते, दुसरीनेच बदलली. त्या पहिल्या पिढीच्या झेड १९७८ पर्यंत पाच लाखांहून जास्त खपल्या.