एका जागी थांबायची परीक्षा

शनिवारी सकाळी साडेसहाला वसईत जागा असलेला आयटीवाला म्हणजे एकतर नाइट शिफ्ट करून आलेला, नाहीतर डोक्याने थोडा सरकलेला. मी दुसऱ्या प्रकारातला. गळ्यात ट्रान्समीटर अडकवून नायगावकडच्या एका मोकळ्या जागेत उभा असतो आणि समोर माझं रिमोटवरचं हेलिकॉप्टर. वजन एक किलोच्या आत. पुढच्या महिन्यात त्याची परीक्षा आहे. म्हणजे माझीच!

"परीक्षा? त्या खेळण्याची?" हे आईपासून टीम लीडपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. म्हणून हा लेख. पण आधी थोडा इतिहास, कारण या खेळण्याची गोष्ट उलटी आहे. विमानाचं मॉडेल खऱ्या विमानावरून बनतं. इथे निदान एक नामांकित हेलिकॉप्टर तरी मॉडेलवरून बनलंय.

आर्थर यंग नावाचा एक अमेरिकन गडी. गणित शिकलेला. १९२८ पासून १९४१ पर्यंत तो हेलिकॉप्टरची छोटी मॉडेल्स बनवत होता, उडवत होता आणि मुख्य म्हणजे आपटत होता. प्रॉब्लेम एकच. हेलिकॉप्टर वर जायचं, पण एका जागी थांबायचं नाही. जरा कललं की जास्त कलायचं आणि खेळ खल्लास. शेवटी त्याने रोटरच्या पात्यांना काटकोनात एक वजनदार दांडा बसवला. फिरणारा भोवरा जशी आपली पातळी सोडत नाही तसा हा दांडाही सोडत नाही. रोटर त्याला जोडला, की खालचं धड हललं तरी रोटर लगेच कलत नाही. १९४१ ला हे मॉडेल घेऊन यंग बेल कंपनीत गेला. त्यातून बेल ४७ जन्मलं आणि ८ मार्च १९४६ ला नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळवणारं ते जगातलं पहिलं हेलिकॉप्टर ठरलं.

आता गंमत बघा. माणूस बसेल असं हेलिकॉप्टर १९४६ ला पास झालं, पण रेडिओवर चालणारं, नीट ताब्यात राहणारं मॉडेल यायला १९७० उजाडलं. ते जमवलं जर्मनीच्या डिटर श्लूटरने, त्याच्या ह्युई कोब्राने. इतका उशीर का? हलका रेडिओ नव्हता, छोट्या इंजिनात दम नव्हता, हे तर झालंच. पण मला विचाराल तर आणखी एक अडचण आहे. आत बसलेल्या पायलटला यंत्र कुठे झुकतंय ते अंगाला कळतं. जमिनीवर उभ्या माणसाला फक्त डोळे. त्यात हेलिकॉप्टरचं नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. पुढे ढकलाल तर ते तुमच्याच अंगावर येतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी काकांच्या वाडीत मी चार शेजाऱ्यांसमोर शायनिंग मारायला गेलो. नाक माझ्याकडे वळलं, डोकं ब्लँक झालं, उलटी स्टिक दाबली गेली. हेलिकॉप्टर तिरकं सुटलं आणि केळीच्या झाडात घुसलं. झाड अर्धं कापलं गेलं. काका तिथून चार पावलांवर पाणी सोडत होते. ते काही ओरडले नाहीत. कापलेलं पान हातात घेऊन एवढंच म्हणाले, "अरे बाबा, हे खेळणं आहे की कोयता?"

त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

आता कायद्याचं. ७ ऑक्टोबर २०१४ ला डीजीसीएने नोटीस काढून नियम होईपर्यंत नागरी ड्रोन उडवायला बंदी घातली. मी तेव्हा ज्युनियर कॉलेजात होतो. पहिले नियम १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाले आणि २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन रुल्स आले. आधी विमानतळापासून ४५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा पिवळा होता, म्हणजे उडवण्याआधी परवानगी घ्या. अख्खं वसई-विरार त्यात यायचं. २०२१ ला तो पट्टा १२ किलोमीटरवर आला. अर्थात नोंदणी, नकाशातले इतर झोन, पोलिसांचे आदेश हे सगळं बघावं लागतंच.

पण याच नियमांनी दोन किलोपर्यंतचं यंत्र धंद्यासाठी नसेल तर पायलटला प्रमाणपत्राची सक्ती ठेवली नाही. म्हणजे ज्याने केळ कापली त्याला कायद्याने परीक्षा नाही! मग म्हटलं, आपणच देऊ. ब्रिटनमध्ये मॉडेल उडवणाऱ्यांची संघटना 'ए' आणि 'बी' अशी प्रमाणपत्रं देते. 'ए' म्हणजे एकट्याने सुरक्षित उडवता येतं एवढंच. कोलांट्या वगैरे काही नाही. आधी तपासणी, मग डोळ्यांच्या उंचीवर स्थिर थांबणं, बाजूला सरकणं, अलगद उतरणं, शेवटी सुरक्षिततेचे प्रश्न. त्याच धर्तीवर आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ सर माझी परीक्षा घेणार आहेत. त्यात नाक आपल्याकडे ठेवून थांबणं मी स्वतःहून मागून घेतलंय. सिम्युलेटरवर रोज रात्री अर्धा तास तेच चाललंय. पहिले पंधरा दिवस दहा सेकंदही जमलं नाही.

परीक्षा स्वतःहून मागणारा मी काही पहिला नाही म्हणा. आमच्याच वेस्टर्न लाइनवर, जुहूच्या फ्लाइंग क्लबात जेआरडी टाटा शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिलेलं पायलटचं पहिलं लायसन्स त्यांना मिळालं. १ नंबरचं. त्यांना विमान विकत घेणं अवघड नव्हतं. पण उडवता येतं हे दुसऱ्याने तपासून सांगावं लागतं, ते पैशाने येत नाही. स्वतःचा कोड स्वतःच टेस्ट करून पास म्हणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको :)

यंगला बारा-तेरा वर्षं लागली, मला दोन. दोघांचा प्रश्न तोच, एका जागी थांबायचं कसं. सर काय तो निकाल देतील. पण खरे परीक्षक काकाच. त्या दिवशी त्यांना मैदानात बोलावलंय.

"येतो," म्हणाले, "पण लांब उभा राहीन हं."

चालेल!