माशी, सरहद्द आणि मांसाचा बाजार

मांस कुणी खावं, कुणाचं खावं, ढोर कुणी कापावं ही भांडणं फक्त आपल्याच मुलखात आहेत असं समजू नका, दोस्तहो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत असाच गदारोळ झाला. अध्यक्ष ट्रम्प म्हणाले, गोमांस महागलंय, अर्जेंटिनाकडून आणू. कमी जकातीत येणारा कोटा २० हजार टनांवरून ८० हजारांवर नेण्याची घोषणा झाली. त्यांचेच पाठीराखे पशुपालक खवळले.

ही महागाई आली कुठून? दुष्काळात गुरं विकली गेली. १ जानेवारी २०२५ ला तिथं ८ कोटी ६७ लाख गुरं उरली, १९५१ नंतरची सर्वांत कमी. त्यात भर पडली एका माशीची.

स्क्रूवर्म तिचं नाव. आपल्याकडं बैलाच्या जखमेत किडे पडतात, तसलाच प्रकार. माशी जखमेच्या कडेला दोन-तीनशे अंडी घालते. अळ्या जिवंत मांस कुरतडत आत शिरतात. वेळेत औषध केलं नाही तर ढोर मरतं. निप्लिंग आणि बुशलँड या शास्त्रज्ञांनी हेरलं की मादी बहुधा एकदाच जुगते. मग कारखान्यात माश्या वाढवायच्या, किरणांनी निर्बीज करायच्या आणि विमानातून सोडायच्या. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर या युक्तीनं माशी संपली.

अमेरिकेनं १९६६ मध्ये स्वतःला माशीमुक्त जाहीर केलं. पण १९७२ मध्ये टेक्सासात तिनं पुन्हा थैमान घातलं. एकट्यानं भागत नाही हे कळलं. त्याच वर्षी मेक्सिकोशी करार झाला. १९७६ मध्ये चियापास प्रांतात तुस्तला गुतिएरेसजवळ माश्यांचा कारखाना निघाला. १९९१ मध्ये मेक्सिको मुक्त झाला, २००६ पर्यंत पनामा. १९८८ मध्ये माशी लिबियात सापडली, तेव्हा याच कारखान्यातल्या माश्या विमानानं तिकडं गेल्या. अमेरिका-लिबियाचं वैर होतं, तरी काम झालं!

पुढं हा कारखाना बंद केला. पनामातला एकच उरला. २०२३ मध्ये तिथंच रोग भडकला. गुरांच्या चोरट्या वाहतुकीबरोबर माशी वर सरकत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये चियापासात पोचली. वर्षाला दहा लाखांवर मेक्सिकन वासरं अमेरिकेत जायची. सरहद्द बंद झाली, उघडली, मे आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा बंद झाली. मार बसला तो वासरू विकून पोट भरणाऱ्याला.

आता बारकाईनं बघा. अळी जिवंत जनावराबरोबर येते, थंड केलेल्या मांसातून नाही. म्हणजे अर्जेंटिनाच्या मांसाला माशीची आडकाठी नव्हती. मग पशुपालकांनी लाळ्या-खुरकूत पुढं केली. हे हत्यार जुनं आहे. याच रोगापायी १९२७ पासून अर्जेंटिनाचं कच्चं मांस अडवलं होतं. ताज्या मांसाला पुन्हा वाट मिळाली ती २०१८ मध्ये. रोग खरा होता. पण त्या आडोशानं तिथल्या बड्या पशुपालकांचा बाजारही राखला गेला, हेही तितकंच खरं.

आणि 'विदेशी मांस नको' म्हणणाऱ्यांची गुरं जातात कुठं? तिथला सुमारे ८५ टक्के गोमांसाचा धंदा चार कंपन्यांच्या हातात आहे. त्यातल्या दोहोंवर ब्राझीलच्या भांडवलदारांची मालकी! भांडवलाला सरहद्द नाही. सरहद्द आहे ती वासराला आणि मजुराला.

त्या मजुराचं नाव या वादात कुणी घेतलं नाही. कत्तलखान्यातला कामगार बहुतेक स्थलांतरित किंवा काळा. २८ एप्रिल २०२० ला करोनाच्या भरात ट्रम्प यांनीच हुकूम काढला, मांसाचे कारखाने चालू ठेवा. त्यांच्या संसदेच्या समितीनं २०२१ मध्ये पाच बड्या कंपन्यांचा हिशोब मांडला : पहिल्या वर्षात किमान ५९ हजार कामगारांना लागण, २६९ मृत्यू.

आपण मेलेलं ढोर ओढणाऱ्यांची लेकरं. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं मांस सोडा, स्वाभिमानानं जगा. म्हणून स्वदेशी-विदेशीचा गलबला झाला की आपण आधी विचारायचं : सुरी कुणाच्या हातात आहे, आणि पैसा कुणाच्या खिशात?